सिगारच्या दालनात वाचणारा मी

मी बोलतोय तो मिग्दालियाच्या हातातून. पाटीएवढा, करड्या रंगाचा, पाठीत तंबाखूचा वास मुरलेला असा मी एक ई-रीडर. क्यूबातल्या पिनार देल रिओकडच्या एका गावात, सिगारच्या कारखान्यात माझी नोकरी आहे. दालनभर माणसं बाकांवर बसून तंबाखूची पानं वळतात आणि मिग्दालिया मंचावर बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. तिचं कामच ते.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या टँपामधलं दुकान. तिथे तिची मोठी बहीण ओर्तेन्सिया कानाला फोन लावून उभी होती.

"ताई, ते चकचकीत रंगीत पडद्याचं नको," पलीकडून मिग्दालिया सांगत होती. "मंचामागे एवढाल्या खिडक्या आहेत, उन्हात आरशासारखं चमकेल. आणि इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. एकदा चार्ज केलं की बरेच दिवस चालणारं बघ."

"आणि पुस्तकं?"

"कुणी पेनड्राइव्हवर दिलेलंही चाललं पाहिजे. एकाच दुकानाला बांधलेलं नको. आणि अक्षर... अक्षर मोठं व्हायला हवं, ताई."

हे बोलताना तिचा आवाज खाली गेला. तिची नजर अधू होत चालली होती. वाचताना ओळ चुकायची, मग बाकांवर कुजबुज व्हायची. वाचणारा कोण असावा हे तिथे पानं वळणारेच मत देऊन ठरवतात, आणि ते मतदान तोंडावर आलं होतं. ओर्तेन्सियानं दुकानातले सगळे ई-रीडर हाताळून पाहिले, मला उचललं आणि क्यूबाला पाठवून दिलं.

पहिल्या दिवशी मला पाहून एवेलिओ, तिथला सगळ्यात जुना कारागीर, ओरडला, "काय गं मिग्दालिया, आज पुस्तकाऐवजी कॉफीचा ट्रे आणलास?"

"गप रे म्हाताऱ्या, ऐक तरी!"

पण ऐकवणार काय? ताईनं हौसेनं विकत पाठवलेली कादंबरी उघडेचना. तिला कुलूप होतं; ज्या दुकानाची, त्याच दुकानाच्या यंत्रावर उघडणारी. दुसरी उघडली, ती स्कॅन केलेली पीडीएफ. म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो. अक्षरं मुंगीएवढी. ती मोठी करावीत, तर अर्धी ओळ माझ्या कडेबाहेर जाई. मिग्दालिया पान सरकवू लागली, अडखळू लागली, आणि वाक्याच्या मधेच थांबली.

दालनात खणकन आवाज झाला. कुणीतरी पान कापायचं पातं जमिनीवर टाकलं होतं. वाचन पसंत पडलं की ती पाती समोरच्या फळीवर ठोकतात, नाही पडलं की खाली टाकतात. मग दुसरं पडलं, तिसरं पडलं.

घरी येऊन तिनं मला टेबलावर पालथं ठेवलं. "ताईला म्हणावं, परत घेऊन जा."

तिची भाची यायमारा शेजारीच राहते. तिनं मला उचलून पाहिलं. "आत्या, याचा काय दोष? तू याला फोटो वाचायला दिलेस. ईपब देऊन बघ. त्यात अक्षरं सुटी असतात, वाढवशील तशी ओळ आपोआप मोडते."

तिनं संगणकाला त्या फोटोंतली अक्षरं ओळखायला लावली आणि कादंबरीचं ईपब करून माझ्यात भरलं. मिग्दालियानं अक्षर वाढवलं. आणखी वाढवलं. मग माझ्यावरून हलकेच बोट फिरवलं. मला वाटतं, त्या क्षणी मी खरा कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती न अडखळता वाचत होती. आणि ऐन रंगात आल्यावर तिच्या तोंडून वाक्य गेलं, "दार उघडलं आणि एक उंच, काळी टोपी घातलेली भूक आत आली."

ती चपापली. स्पॅनिशमध्ये 'माणूस' आणि 'भूक' या शब्दांत एकाच अक्षराचा फरक, आणि संगणकानं ते अक्षर चुकीचं ओळखलं होतं. मला वाटलं, पडलं आता पातं.

"अगं, खुर्ची दे तिला!" एवेलिओ म्हणाला. "आमच्याकडे तर टोपीही न घालता रोज येते!"

सगळं दालन खो खो हसलं. मिग्दालिया तर डोळे पुसत हसत होती. मग कुणीतरी पातं फळीवर ठोकलं, आणि बघता बघता सगळ्या फळ्या वाजू लागल्या.

मतदानाच्या दिवशी तिच्या बाजूनं सगळ्यात आधी हात वर गेला तो एवेलिओचा.

त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या काचेवर चरे आलेत, बॅटरीही पूर्वीसारखी टिकत नाही. तरी माझ्यासारखं नशीब किती ई-रीडरांना लाभतं? ते एकेका माणसासाठी वाचतात, मी दालनभर माणसांसाठी. निवडताना माझा भाव किंवा रंग न बघता आपली गरज बघणारी बाई मला मिळाली. तुमच्याकडे एकच मागणं आहे, कुणाला पुस्तक द्याल तेव्हा ते त्याच्याकडे उघडेल ना, एवढं पाहून द्या.

मिग्दालियाची नजर आणखी मंदावली आहे. आता माझ्या एका पानावर जेमतेम तीन ओळी मावतात, आणि तिचा अंगठा सारखा बटणावर असतो. पुढेमागे एका पानावर एकच शब्द मावेल. मावू दे. ती बटण दाबत राहील, मी पुढचा शब्द देत राहीन.