दवाखान्याच्या मोटारीतलं बेसिन

मी बेसिन बोलतोय. हात धुवायचं साधं बेसिन, पांढऱ्या इनॅमलचं, निळ्या काठाचं. माझ्या जातीची भांडी भिंतीला बसतात आणि जन्मभर तिथेच राहतात. मला मात्र एका मोटारीत बसवलं होतं. मी वर्धा जिल्ह्यातली गावं पाहिली, नदीनाले ओलांडले, शेकडो लोकांचे हात धुतले. आणि एका गावात माझ्या पोटातून जे गेलं, ते सांगायला मी आज तोंड उघडलंय. त्या गावाचं नाव सांगणार नाही. तिथं माणसं अजून राहतात.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून मला खोलगट केलं, अंगावर काचेचा लेप दिला आणि भट्टीत भाजलं. तेव्हा महायुद्ध चालू होतं. जखमी सैनिकांच्या आगगाडीत मला बसवायचं होतं. पण मी पेटीत असतानाच युद्ध संपलं. मग वर्षानुवर्षं मी गवतात गुंडाळलेला पडून होतो. शेवटी एका लिलावातून पुलगावच्या एका भंगारवाल्याकडे आलो, तुटक्या खुर्च्या आणि गंजलेल्या खाटांच्या शेजारी.

एकोणीसशे त्रेपन्न साली तिथं तीन माणसं आली. एका संस्थेनं लष्कराची जुनी रुग्णगाडी घेतली होती आणि तिचा फिरता दवाखाना करायचा होता. लक्ष्मणराव डॉक्टर, आनंदाबाई नर्स आणि ड्रायव्हर चंद्रभान. मोटारीतली सगळी कामं चंद्रभानच करणार होता. तो नाचणगावचा, सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही जाणणारा.

डॉक्टरांना चिनी मातीचं बेसिन हवं होतं, मोठ्या इस्पितळात असतं तसं. त्यांनी एक निवडूनही ठेवलं.

चंद्रभाननं त्यावर बोटानं टिचकी मारली. "डॉक्टरसाहेब, हे पयल्याच नाल्यात फुटते. आपले रस्ते म्हणजे बैलबंडीचे रस्ते. मी तर म्हणतो पितळेचं घंगाळ बसवू."

"पितळ रोज घासायला लागतं," आनंदाबाई म्हणाल्या. "ते मी घासू की बायांची बाळंतपणं करू?"

मग त्यांनी मला उचललं. पदरानं धूळ पुसली. कडेवरून, तळावरून, मधल्या छिद्राभोवती बोट फिरवून कुठे टवका उडालाय का ते पाहिलं. टवका उडाला की तिथं घाण धरते, हे त्यांना ठाऊक होतं. भंगारवाल्याकडून तांब्याभर पाणी मागून माझ्यात ओतलं. थेंबही मागे न राहता पाणी निघून गेलं. त्या हसल्या. "हेच," म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला कुणी निवडलं नव्हतं. त्या दिवसाचा आनंद मला आजही आठवतो.

मला बसवायला चंद्रभानला पाच दिवस लागले. आनंदाबाईंनी त्याला सतावलं. उंची ठरवायला त्या मोटारीत उभ्या राहिल्या, कोपर वाकवलं आणि म्हणाल्या, "आता मोटार चालवा. डोलत्या मोटारीत माझा तोल कुठं जातो ते बघायचंय." चंद्रभाननं खरंच गावाला दोन फेऱ्या मारल्या. मग सागवानी फळीत माझ्या मापाचं भोक कापलं, जुन्या ट्यूबचं रबर कापून माझ्या काठाखाली घातलं. छतावर पाण्याची टाकी बसली. नळाची चावी मात्र बाईंना पसंत पडेना.

"घाण हातानं चावी धरायची आणि धुतलेल्या हातानं तीच बंद करायची? मग धुतले कशाला? कोपरानं फिरली पाहिजे."

"बाई, तुमी मले लोहार नाई, देव समजून राह्यल्या," चंद्रभान म्हणाला. पण त्यानं चावीला वीतभर लांब दांडा जोडून दिला.

खाली सोडायच्या पाण्याचाही त्यांनी विचार केला होता. माझ्या छिद्राला रबरी नळी, आणि नळीचं तोंड मोटारीखाली टांगलेल्या लष्करी पेट्रोलच्या डब्यात. रोग्याचं पाणी जमिनीवर सांडायचं नाही. गावाबाहेर, विहिरीपासून लांब खड्डा खणायचा, डबा त्यात ओतायचा, वर चुना टाकायचा. हा नियम आनंदाबाईंचा. दोन वर्षं चंद्रभाननं तो एकदाही मोडला नाही.

ती दोन वर्षं चांगली गेली. माणसं हात कशी धुतात, यावरून ती मला कळू लागली. डॉक्टर घाईत बोटांची टोकं भिजवायचे. आनंदाबाई कोपरापर्यंत घासायच्या, नखं ब्रशनं, तोंडानं आकडे मोजत. खेड्यातल्या बाया मला भ्यायच्या. इतकं पांढरं भांडं आपल्या हातानं मळेल म्हणून दूर उभ्या राहायच्या. बाई त्यांचे हात स्वतःच्या हातात घेऊन धुवायच्या.

पंचावन्न सालच्या मे महिन्यात नदीपलीकडच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, आली. आम्ही रोज दोन-तीन गावं करू लागलो. कोरड्या नाल्यातून मोटार काढताना एका धोंड्यानं खालचा डबा पार फाडून टाकला.

"दोन दिवसांत दुसरा बसवतो," चंद्रभान म्हणाला. "तवरीक बादली ठेवतो नळीखाली."

मोटारीत बादली एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावात पोचलो. गावात एकच विहीर, पायऱ्यांची, कठडा ढासळलेला. पाणी तळाला गेलेलं. सावलीचं झाडही एकच, विहिरीच्या वरच्या अंगाला. उन्हात रोगी ठेवता येईना म्हणून मोटार त्या झाडाखाली लावली. उतार विहिरीकडे होता. त्या सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुनाजी नावाचा शेतमजूर बायकोला, बायजाला, खांद्यावर घेऊन आला. ती माहेरच्या लग्नाहून आदल्या दिवशी परतली होती. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली.

"बाई, हे बोलूनच नाई राह्यली," पुनाजी म्हणाला. "काल तर चांगली चालत आलती."

डॉक्टरांनी शीर शोधून मिठाचं पाणी चढवायला सुरुवात केली. बायजाला उलट्या होत होत्या. आनंदाबाई तिला धरून ओरडल्या, "चंद्रभानभाऊ, बादली द्या! लवकर!"

त्यानं वाकून माझ्या नळीखालची बादली ओढली आणि त्यांच्या हातात दिली.

दोघांचंही चुकलं, असं मी म्हणत नाही. समोर बाई मरत होती.

पुढचे तीन तास आनंदाबाई माझ्यापाशी येत-जात राहिल्या. हात धुतले. बायजाची चिरगुटं माझ्यात पिळली. पुन्हा धुतले. प्रत्येक वेळी सगळं पाणी माझ्यातून स्वच्छ निघून गेलं, थेंबही मागे न ठेवता. मला ते खाली मातीवर पडताना ऐकू येत होतं. एरवी डब्यात पडताना वेगळा आवाज यायचा. मी ओरडलो असतो. पण भांड्याचा आवाज कोण ऐकणार?

दुपारी बायजानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पुनाजी मोटारीच्या पायरीवर बसून तोंड झाकून रडला. डॉक्टर खूश झाले. विहिरीत टाकायचं लाल औषध आदल्या गावातच संपलं होतं, म्हणून पाणी उकळून प्यायला सांगून आम्ही निघालो. निघताना चंद्रभान बादली परत नळीखाली ठेवायला मागे गेला आणि तसाच उभा राहिला. मोटारीखालून विहिरीच्या ढासळलेल्या काठापर्यंत ओलीचा पट्टा गेला होता. वरची माती वाळायला लागली होती.

त्यानं पायानं थोडी धूळ सारली. मग मोटार चालू केली.

चौथ्या दिवशी आम्ही औषध घेऊन परत गेलो, तेव्हा सात माणसं गेली होती. पुनाजी त्यांतला एक. बायजा जिवंत होती, पण घराबाहेर, गोठ्यात. तिला कुणी पाणी देत नव्हतं.

"हिनंच आणली बिमारी," पुनाजीची आई भागाबाई ओरडत होती. "माहेरून आणली अन् माह्या पोराले खाल्लं! तिले विहिरीवर पाय ठेवू देऊ नोका!"

चंद्रभाननं तेव्हा माझ्याजवळ उभं राहून आनंदाबाईंना सगळं सांगितलं. बादली, ओल, उतार. बाईंनी खाली उतरून जमीन पाहिली, विहिरीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग माझ्यात हात धुवायला म्हणून आल्या. कोपरानं चावी उघडली, वाहतं पाणी पाहिलं आणि चावी बंद केली.

"मी गावाला सांगणार," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"वेडेपणा करू नका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "कदाचित तसं झालंही नसेल. ती बाई आधी विहिरीवर गेलीच नव्हती कशावरून? आज सांगितलंत तर उद्या पंचक्रोशीत कुणी सुई टोचून घेणार नाही. किती मरतील, विचार करा."

"केला. आणि त्या गोठ्यात बसलीय तिचं काय? ती तर याच आठवड्यात मरेल."

डॉक्टरांचंही म्हणणं खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आनंदाबाईंनी माणसं झाडाखाली बोलावली. गोठ्यातून बायजालाही हात धरून आणलं. मोटारीचं मागचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

"बायजानं काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "तिचं घाण पाणी आमच्या मोटारीतून तुमच्या विहिरीत गेलं. ते मी धुतलं होतं. चूक माझी आहे."

मग भागाबाई पुढं आली. तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमी औषध द्याले आलत्या नं?" एवढंच ती म्हणाली.

पहिला दगड कुणी मारला, ते मी पाहिलं नाही. चंद्रभान बाईंना आपल्या अंगाआड घेऊन मोटारीच्या पुढच्या दाराकडे ओढत होता. बायजा मधे उभी राहून "नोका मारू, नोका मारू" म्हणत होती. दोन माणसं मोटारीत चढली. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, त्यांनी मला ठेचलं. माझं इनॅमल उडालं, तळाला चीर गेली. मला राग आला नाही. त्यांनी योग्य भांडं ओळखलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या चार गावांनी मोटार शिवेवरच अडवली. त्यांतल्या दोन गावांत पटकी लागली आणि माणसं औषधावाचून मेली. किती, ते मला ठाऊक नाही. संस्थेनं फिरता दवाखाना बंद केला. आनंदाबाईंनी काम सोडलं. त्या कुठे गेल्या, ते चंद्रभानलाही सांगून गेल्या नाहीत.

बायजाला मात्र भागाबाईनं घरात घेतलं. हे चंद्रभाननं वर्षभरानं पुलगावच्या बाजारात ऐकलं. दोघी एकाच चुलीवर रांधतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत म्हणे. बायजाला तो एकदा कपाशीच्या गाड्यांपाशी दिसलाही. तिनं ओळखलं, पदर सावरला आणि वाट बदलली.

मोटार मोडीत निघाली, तेव्हा चंद्रभाननं मला मागून घेतलं. आता मी नाचणगावात त्याच्या अंगणात पडून आहे. अंगावर गंज धरलाय. कुणी शेजारी येतो आणि म्हणतो, "चिरेले डाक लावून बैलाईले पाणी पाजाले दे की हे." चंद्रभान नाही म्हणतो. विकत नाही, दुरुस्त करत नाही, फेकतही नाही. कधी कामावरून आला की माझ्याशेजारी जमिनीवर बसतो.

एकदा त्याच्या बायकोनं, रामबाईनं, विचारलं, "काऊन ठेवलं हे? पायलं की तुमचं जेवण जात नाई."

"म्हनूनच ठेवलं," तो म्हणाला.

वाचकहो, माझं काम एवढंच होतं की हातावरची घाण घ्यायची आणि खाली सोडायची. ते मी चोख केलं. तुम्ही कुठे नवं बेसिन बसवाल, तेव्हा त्याचा पांढरेपणा पाहा, उंची पाहा, नळ पाहा. पण पाणी सोडण्याआधी एकदा गुडघे टेका आणि खाली वाकून नळीचं दुसरं तोंड कुठे उघडतं ते बघा. रोज बघा. घाईच्या दिवशी तर नक्की बघा.

आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर मला पालथं करून ठेवा. पावसाचं पाणी माझ्यात साचतं आणि चिरेतून हळूहळू मातीत जातं. तो आवाज मला ऐकवत नाही.