माशांच्या खोक्यातले दागिने

आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मला वास येतो. बांगड्याचा, सुरमईचा, कोळंबीचा. मी थर्माकोलचा जुना खोका आहे, एक कोपरा फुटलेला, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. ज्याला नाक धरायचं असेल त्याने खुशाल धरावं, पण ऐकावं.

२००४ साली मी मालवणात सत्यवतीच्या घरी आलो. सत्यवती मासे विकते. किनाऱ्यावर लिलावात सगळ्यांचे खोके सारखेच दिसतात, म्हणून तिने माझ्या अंगावर निळ्या मार्करने आपलं नाव लिहिलं. तीन वर्षं मी पोटात बर्फ घेऊन राबलो. 'सत्यवतीचो खोको' म्हटलं की झाकण उघडायच्या आधीच गिऱ्हाईक पिशवी पुढे करायचं. मग एकदा टेम्पोतून उतरवताना आपटलो आणि पाणी गळायला लागलं. झालं! दुसरा खोका आला, मी माडाखाली. कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. काय दिवस आले होते माझ्यावर!

तिथून मला उचललं संजनाने, सत्यवतीच्या सुनेने. किनाऱ्यावर ओढायच्या रापणीच्या जाळ्यात माशांबरोबर शिंपले येतात, लोक ते वाळूतच टाकून देतात. संजना ते वेचायची, घासायची, भोकं पाडून माळा आणि कानातली करायची. पुण्याच्या एका बाईंनी इंटरनेटवर दुकान काढलं होतं. त्यांनी तिचे दागिने घेतले आणि प्रत्येकाच्या फोटोखाली लिहिलं, 'संजना, मालवण'. संजना सायबर कॅफेत ते बघून आली आणि घरभर नाचली. तोवर तिचं नाव फक्त रेशनकार्डावर होतं.

फोटो संजनानेच काढून पाठवायचे होते. त्यासाठी शेजारच्या ईडा टीचरांनी कॅमेरा दिला, त्यांच्या मुलाने, नेल्सनने कुवेतहून पाठवलेला. पण उन्हात शिंपला पांढराफटक दिसे आणि घरात काळा. टीचर म्हणाल्या, "गो, पांढरा कायतरी व्हया. उजेड सगळ्या बाजून येवक व्हयो." संजनाने इकडेतिकडे बघितलं आणि कोंबडीला हाकललं. मला धुतलं, अंगणात आडवं ठेवलं, वर ऊन गाळायला पातळ पंचा बांधला. माझ्या पांढऱ्या भिंतींनी असा उजेड फेकला की टीचर बघतच राहिल्या. आता बोला!

चूक झाली ती इथेच. फोटोआधी सत्यवती ओंजळीत पाणी घेऊन शिंपल्यांवर मारायची. बाजारात मासळीवर पाणी मारल्याशिवाय कोण बघतो? ओल्या शिंपल्यावर गुलाबी, जांभळ्या रेघा उमटत. संजनालाही ते बरं वाटलं. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र पडायचे कोरडे, फिकट शिंपले.

सहा महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. 'पाच पाकिटं परत आली. फोटोत एक, हातात एक. आता फोटो पुण्यात स्टुडिओत काढू, मखमलीवर. तुमचं नावही काढत आहोत. दागिने आमच्या दुकानाच्या नावाने जातील.'

संजनाचा नवरा नितेश सरळ माझ्यावर घसरला. "ह्या खोक्याचो वास लागलो आसतलो. टाकून दी तो खाडयेत!"

खाडीत? मी कुजत नाही हो! दाणा दाणा होऊन माशांच्या पोटात जातो. ज्यांना बर्फात जपलं, त्यांनाच आता मारू? नाही जायचा मी, असं मनातल्या मनात ओरडलो.

"खोक्याक कित्याक नाव ठेवतंस?" सत्यवती म्हणाली. "पाणी मी मारलंय." मग ती सुनेकडे वळली. बाजार गाजवणारी बाई, पण आवाज बारीक झाला होता. "माझ्यापायी तुझां नाव गेलां गो."

संजनाने डोळे पुसले. "गेलां नाय अजून."

तिने मार्कर काढला. सत्यवती म्हणाली, "माझां भायर आसा. तुझां भितर लिही." संजनाने माझ्या आतल्या भिंतीवर ठळक लिहिलं, 'संजना, मालवण. शिंपले कोरडे आसत.' त्या अक्षरांभोवतीच टाचण्या टोचल्या आणि कोरडी माळ लावली. फोटोतून नाव कापायचं तर माळच कापावी लागली असती. टाचण्या मला टोचल्या, पण छाती फुगली माझी!

फोटोबरोबर तिने पुण्याच्या बाईंना लिहिलं, 'चूक आमची, कबूल. यापुढे जसा माल तसाच फोटो. करणारीचं नाव ठेवणार असाल तर दागिने ठेवा, नाहीतर सगळे परत पाठवा.'

पंधरा दिवस उत्तर नाही. संजना जेवताना घास हातातच धरून बसायची. सोळाव्या दिवशी ती सायबर कॅफेतून धावतच आली. फोटो तसाच लावला होता, माझ्या भिंतीसकट, आणि खालीही नाव परत आलं होतं. ते आज, २०१० सालीही तिथेच आहे.

मित्रांनो, फुटलेल्या वस्तूला खाडीत ढकलण्याआधी एकदा तिच्या पोटात डोकावून बघा. आणि हाताने केलेलं काही विकत घ्याल, तेव्हा करणारीचं नाव विचारा. सांगत नसतील तर पुन्हा विचारा.

सत्यवती अजूनही फोटोच्या वेळी सवयीने ओंजळ भरते. मग आतलं नाव वाचते, जीभ चावते आणि पाणी माडाला घालते.