घंटेचा मनोरा डावीकडे

"डावीकडे," मी म्हणालो. "कमानीतून चौकात शिरलं की डावीकडे घंटेचा मनोरा, उजवीकडे कारंजं. डोळे मिटून सांगतो."

माझ्यामागे आमच्या कॉलेजची तीस मुलंमुली होती आणि त्यांच्यामागे इतिहासाच्या मॅडम. मॅडमच्या हातात नकाशा होता, पण त्यांनी तो उघडला नव्हता. "काकांना इथलं सगळं पाठ आहे," असं त्यांनीच मुलांना सांगून ठेवलं होतं. माझी छाती इतकी फुगली होती की कोटाच्या गुंड्या ताणल्या होत्या. कोट मेव्हण्याचा होता, ती गोष्ट वेगळी.

मी इतिहास विभागाचा शिपाई. एकतीस वर्षं आमचे सर शिकवायचे आणि मी मशीनवर स्लाइडी दाखवायचो. परदेशातला हा चौक लढाईत जळून खाक झाला आणि गावकऱ्यांनी जुने फोटो धुंडाळून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून तो होता तसा पुन्हा उभा केला, हे मी सरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की घरीही तेच सांगत सुटायचो. आमची ही म्हणायची, "त्यांनी अख्खा चौक बांधला, तुमच्याच्यानं मोरीचा नळ बदलवत नाही."

सर स्वतः मात्र इथे कधी आले नाहीत. तीनदा सहल ठरली, तीनदा बारगळली. मग ते रिटायर झाले आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. या खेपेला सोबत एक मदतनीस न्यायचं ठरलं तेव्हा प्राचार्यांना फोन करून माझं नाव त्यांनीच सुचवलं. निघताना म्हणाले, "चौकात पोचलास की तिथूनच मला सांग. मी फोनजवळ बसून राहतो." त्यांच्यासाठी बघायचं, एवढं एकच काम मला होतं. आनंदाने मला विमानात घास गेला नव्हता.

कमान दिसली तसा मी जवळजवळ पळतच आत शिरलो.

डावीकडे कारंजं होतं. मनोरा उजवीकडे.

"काका, आता डोळे उघडून सांगा की," मागून एकजण म्हणाला आणि सगळी खिदळली.

मी कसला ऐकतोय. "यांनीच उलटं बांधलंय," मी म्हणालो. "नुसत्या आठवणीवर बांधलं की असंच व्हायचं."

मॅडमनाही हसू आवरेना. पण आमच्यात एक चष्मेवाली मुलगी आहे, ती सगळ्या पाट्या वाचते. कमानीखाली लढाईच्या आधीचा फोटो लावला होता. तो बघून ती हळूच म्हणाली, "काका, जळायच्या आधीही असाच होता."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नोकरीला लागलो त्या आठवड्यात सरांनी मला स्लाइडींचा डबा दिला होता. प्रत्येक स्लाइडीच्या कोपऱ्यावर खूण करायची, म्हणजे मशीनमध्ये घालताना बाजू चुकत नाही. आमच्या हिच्या नेलपॉलिशने मी एका दुपारीत दोनशे लाल ठिपके दिले. चौकाच्या स्लाइडीवर ठिपका मागच्या बाजूला पडला असणार. एकतीस वर्षं मी चौक उलटा दाखवला. आमच्या गावातले मास्तर, बँकेतले साहेब, झालंच तर दोन नगरसेवक, सगळे सरांकडेच शिकलेले, आणि सगळ्यांच्या डोक्यात मनोरा डावीकडे. आणि सरांच्याही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सरांना दम निघाला नव्हता.

"पोचलास का रे?"

"पोचलो, सर."

"मग सांग की."

"एक मिनिट, सर. गर्दी आहे."

गर्दी कुठली, चार कबुतरं होती. मी फोन छातीशी धरून भराभरा चौक ओलांडला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन मागे वळलो. आता बरोबर दिसत होतं.

"मनोरा डावीकडे, सर. चांगला उंच आहे. कारंजं उजवीकडे."

"अस्सं," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खूश होता. "आणि कमान तुझ्या पाठीशी."

इथे नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सरांशी मी कधी खोटं बोललो नव्हतो.

"कमान समोर आहे, सर," मी म्हणालो.



"म्हणजे स्लाइड उलटी होती," सर म्हणाले.

"हो, सर. ठिपका माझाच चुकला."

"एका पोरानं पेपरात मनोरा उजवीकडे लिहिला होता. मी त्याचे दोन मार्क कापले रे." सर हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, मग घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज झाला. "बरं, आता असं कर. परत कमानीबाहेर जा आणि मला घेऊन नीट आत ये. सावकाश चल. मला घाई नाही."

मी निघालो. मॅडमनी मुलांना हाताने बाजूला केलं. कमानीबाहेर जाऊन मी पुन्हा आत वळलो.

"उंबरा आहे, सर," मी म्हणालो. "पाय उचला."

चष्मेवाली माझ्याकडे बघत होती म्हणून मी खाली पाहिलं. फोन उजव्या हातात होता. डावा हात कोपरात वाकवून मी अंगापासून जरा दूर धरला होता, सरांना धरता यावं म्हणून.