डाव्या डोळ्याचं पाणी

सत्त्याऐंशी साली शेवंतीबाईंचा डावा डोळा गळायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि भांडुपच्या त्या चाळीत त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कारण म्हणजे सून, रत्नप्रभा. सासू दारात तांदूळ निवडायला बसायची, पदरानं डोळा टिपायची, की येणारीजाणारीला पुरावा मिळायचा. दुःख होतं तर एकच डोळा कसा रडतो, हे कुणी विचारलं नाही. चाळीत हुशार बायका पुष्कळ होत्या, पण त्यांना कामं होती.

त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं रत्नप्रभाला सोडून सगळ्यांना गेलं. तेव्हा तिनं सासूला उचललं आणि मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी नाकाजवळ बोट दाबलं तसा डोळ्याच्या कोपऱ्यातून पू आला. "आजी, डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं ती वाट बंद झालीय. ऑपरेशन करून नवी वाट काढू. ती बुजू नये म्हणून आत बारीक, मऊ नळी ठेवू. काही महिन्यांनी काढून टाकू."

"म्हणजे आई रडत नाहीत ना?" रत्नप्रभानं विचारलं.

"छे हो!"

"तेवढं लिहून द्याल?"

डॉक्टर हसले. तिला हसू आलं नाही.

ऑपरेशन झालं. डोळा कोरडा झाला. रत्नप्रभानं सासूला मुद्दाम दारात, उजेडात बसवलं. शेजारची द्रौपदी कोळंबीची वाटी घेऊन आली.

"काय गो शेवंते, पाणी आटला? रडान रडान आटतलाच!"

"नाय गो. आत नळी घातलीहा. डोळो चोळूचो नाय, नाक शिंकरूचा नाय, डॉक्टरान सांगल्यान."

"अरे देवा! म्हणजे आता रडूची पण चोरी! सुनेन बंदोबस्तच केल्यान!"

आत आमटी ढवळणारा रत्नप्रभाचा हात थांबला. शेवंतीबाईंनी वाटीवरची ताटली उचलून वास घेतला. खरं सांगायचं तर सुनेपेक्षा त्यांना कोळंबी जास्त आवडायची. त्यांनी ताटली परत झाकली.

"ही वाटी घेवन जा. माझी सून दिसाक चार येळा माझ्या डोळ्यात औषध घालता. तुझ्या सुनेक सांग, तुझ्या जिभेक काय औषध असला तर घाल म्हणान."

द्रौपदी वाटीसकट गेली. संध्याकाळपर्यंत चाळीनं नवं निदान केलं: सुनेनं म्हातारीवर करणी केलीय. रत्नप्रभानं ते ऐकलं, बाटली हलवली आणि चौथ्या वेळचं औषध घालायला सासूची मान मागं धरली.