लाल, निळी, हिरवी आणि मी

मित्रांनो, मी मोटारीची एक जुनी बॅटरी आहे. ‘आहे’ म्हणावे की ‘होते’ म्हणावे, हे अजून ठरत नाही, आणि म्हणूनच माझा जीव थाऱ्यावर नाही. सध्या मी एका बॅटरीच्या दुकानात दारामागच्या फळीवर बसले आहे. जुन्या बॅटऱ्या गोळा करणारा टेम्पो कधीही येईल. रस्त्यावर कुठलेही वाहन थांबले की मला वाटते, आला. तेव्हा घाईघाईने सांगते आहे. मध्येच मला उचलून नेले तर रागावू नका.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या जाळीदार पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातळ पडदे, वरून आम्ल, आणि हे सगळे मावेल अशी काळी प्लास्टिकची पेटी. डोक्यावर दोन टोके दिली, एक प्लस आणि एक मायनस. पहिल्यांदा वीज भरली तेव्हा अंगभर जी शिरशिरी आली, ती आजतागायत पुरती गेलेली नाही. बाहेरून मी ठोकळा दिसते, पण आत सतत काहीतरी चाललेले असते. शांत बसणे माझ्या स्वभावातच नाही.

मला जागा मिळाली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या एका छोट्या गाडीत. चारचौघांच्या गाडीतली बॅटरी सकाळी एकदा इंजिन चालू करते आणि पुढे दिवसभर आरामात चार्ज होत बसते. माझ्या वाट्याला आली शिकाऊ मंडळी. क्लच सुटला की गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. त्यात आमच्या मास्तरीणबाईंची एक पद्धत होती. शिकणाऱ्याचे काही चुकले की त्या गाडी कडेला घ्यायला लावत, इंजिन बंद करायला सांगत आणि मग समजावत बसत. “इंजिन चालू असलं की माणूस ऐकत नाही, नुसता घाबरतो,” असे त्यांचे म्हणणे. शिकवायला ती रीत फार चांगली. पण इंजिन बंद असताना पंखा चालू, चारही इंडिकेटर चालू आणि टपावरच्या पाटीतला दिवाही चालू. हे सगळे कोणाच्या जिवावर? इंजिन फिरत असेल तरच मला वीज परत मिळते, हे बाईंना माहीत होते. शिकवण्याच्या भरात त्या विसरत.

तरी उमेदीच्या काळात मी कशालाही दाद दिली नाही. कडाक्याच्या थंडीत शेजारच्या मोठाल्या गाड्या खोकत उभ्या असत आणि मी एका झटक्यात इंजिन उठवत असे. बाई बॉनेटवर थाप मारून म्हणत, “शहाणी गं माझी.” मला अगदी धन्य वाटे. मात्र ते बॉनेट उघडून आत डोकवायला कोणाला सवड नव्हती. माझ्यातले पाणी कमी होत गेले. टोकांवर पांढरी पूड साचली. मला बांधून ठेवणारी पट्टी सैल झाली आणि प्रत्येक खड्ड्यात मी हादरू लागले. हळूहळू माझ्यातला तो झटका गेला, आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन कुरकुरत, मिनतवाऱ्या करून घेत उठू लागले.

नेमक्या अशा दिवसांत लाँड्रीवाल्या काकू गाडी शिकायला आल्या.

काकू आणि काका मिळून लाँड्री चालवत. हॉस्पिटलच्या चादरी आणि अभ्रे धुऊन, इस्त्री करून पोहोचवायचे काम. धुणे काकूंकडे आणि व्हॅन काकांकडे, अशी त्यांची वर्षानुवर्षांची वाटणी. पुढे काकांची नजर अधू झाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावले. पुतण्याने काही दिवस व्हॅन सांभाळली, पण त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती आणि महिनाअखेर तो जाणार होता. त्याआधी काकूंना लायसन्स मिळाले नाही तर हॉस्पिटलचे काम दुसऱ्या कोणाला जाणार होते. घर त्याच कामावर चालत होते. काकू एकदा परीक्षेला बसून नापास झाल्या होत्या. चढावर गाडी बंद पडली, मागे घसरली, आणि घाबरून त्यांनी स्टिअरिंगच सोडून दिले होते.

काका रोज सोबत येत आणि मागच्या सीटवर बसत. डोळे गेले तरी कान शाबूत होते, आणि जीभ कानांहून शाबूत. “गिअर ओरडतोय, ऐकू येत नाही का?” “अगं, क्लच आहे तो, चादरी तुडवल्यासारखा काय तुडवतेस?” मग काकू समोर बघतच म्हणत, “अहो, गप्प बसता की उतरता?” भर रस्त्यात एकटे उतरणे काकांना जमण्यासारखे नव्हते, त्यामुळे ते गप्प बसत. पुढच्या वळणापर्यंत.

परीक्षेच्या आठवड्यातच एका सकाळी किल्ली फिरली आणि माझ्याकडून काही केल्या इंजिन उठेना. शेवटी काका आणि बाईंनी मागून ढकलले, काकूंनी क्लच सोडला, तेव्हा कुठे गाडी चालू झाली. बाई घाम पुसत म्हणाल्या, “आता हिला बदलायलाच हवं.”

मित्रांनो, आपल्या जागी कोणाला आणायचे याची चर्चा आपल्याच देखत चालते, तेव्हा फार वाईट वाटते. गाडी बाईंच्या अंगणात उभी होती, बॉनेट उघडे होते आणि मला सगळे ऐकू येत होते. बाईंचे थोरले भाऊ खास या कामासाठी आले होते. चपला घ्यायच्या असोत की बॅटरी, खरेदी म्हटली की त्यांना स्फुरण चढे. मी मनात त्यांचे नाव ‘सल्लागार’ ठेवले होते. ते मोबाइल नाकाशी धरून वाचू लागले.

“लाल कंपनीची वॉरंटी सगळ्यांत मोठी आहे.”

“मोठी आहे, पण अर्धीच पुरती फुकट आहे,” बाई म्हणाल्या. “नंतर नुसती सूट देतात. खाली बारीक अक्षरात असतं ते, वाच.”

पायरीवर बसलेले काका म्हणाले, “निळी घ्या. आमच्या व्हॅनला कायम निळीच. एकदा दगा दिला नाही.”

“निळीला लोकांनी तारे कमी दिलेत,” सल्लागार म्हणाले.

“लोकांनी आमची व्हॅन चालवली होती का?”

“हिरवी घेऊ या. माझ्या गाडीत हिरवीच आहे. ताकद सगळ्यांत जास्त, तारे सगळ्यांत जास्त.”

“अरे दादा, माझी गाडी केवढी आणि तिला ताकद हवी केवढी?”

लाल, निळी, हिरवी. हिरवी, लाल, निळी. माझ्या आतले आम्ल उगाचच तापल्यासारखे झाले. त्यांच्यापैकी एकानेही माझ्याकडे वाकून बघितले नाही. बघितले असते तर एक साधी गोष्ट दिसली असती, ती पुढे सांगते. काकू बाजूला उलट्या बादलीवर बसून डाव्या पायाने हवेतच क्लच दाबण्याचा सराव करत होत्या. त्यांनी हळूच विचारले, “बाई, परीक्षेच्या दिवशी गाडी चालू होईल ना?” वाद इतका रंगात आला होता की तो प्रश्न कोणी ऐकलाच नाही. मी ऐकला आणि मला धडकी भरली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सल्लागार हिरवी बॅटरी घेऊन हजर झाले. त्यांच्या गावातल्या दुकानात सूट होती म्हणून तिथूनच आणली होती. मला उचलून जमिनीवर ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी उघडे आकाश पाहिले, पण मला ते गोड लागले नाही. हिरवी चकचकीत होती आणि माझ्या जागेत अगदी फिट बसली. सल्लागारांनी विजयी मुद्रेने प्लसची वायर हातात घेतली, आणि ती वीतभर कमी पडली.

माझा प्लस डाव्या हाताला आहे. हिरवीचा उजव्या हाताला होता. गाडीची वायर डावीकडूनच येते. तिघांनी वॉरंटी पाहिली, ताकद पाहिली, तारे मोजले. प्लस कुठल्या बाजूला हवा, एवढे मात्र कोणी पाहिले नव्हते. हिरवीला फिरवून ठेवले तर तिची टोके मागच्या पत्र्याला जाऊन भिडू लागली.

“ओढून बसेल वायर,” सल्लागार म्हणाले.

“हात लावू नकोस,” बाईंचा आवाज चढला. “तुटली तर उद्याची परीक्षा गेली.”

नेमकी इथल्या दुकानाची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. सल्लागार हिरवीला काखोटीला मारून निघून गेले. बाईंनी गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने माझी टोके घासली, आत शुद्ध पाणी घातले, शेजारच्या गॅरेजमधून चार्जर आणून मला लावला. हे सगळे आधी झाले असते तर, असे सारखे मनात येत होते. थकलेल्या बॅटरीत वीज भरली तरी ती फार काळ टिकत नाही. हे मला समजत होते आणि सांगता येत नव्हते. मी नुसती चुळबुळत राहिले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानावर काकांना कुंपणाबाहेरच्या बाकावर बसवले. बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. गाडीत काकू आणि परीक्षक साहेब, आणि बॉनेटखाली मी. आठाचा आकडा झाला. मागे घेणे झाले. मग चढ आला. मधोमध गाडी थांबवून, मागे न घसरता पुढे न्यायची होती. काकूंनी थांबवली. पुढे नेताना पाय जरासा चुकला आणि इंजिन बंद पडले.

त्यांनी हँडब्रेक घट्ट ओढला, बाईंच्या सवयीप्रमाणे चारही इंडिकेटर लावले. किल्ली फिरवली. बॉनेटखालून फक्त ‘टक’ असा आवाज आला. पंखा मंदावला. मित्रांनो, तेव्हा मला जी भीती वाटली तिला तोड नाही. अशा वेळी माणसे काय करतात ते मी आयुष्यभर पाहिले होते. ती किल्ली फिरवतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा पुन्हा फिरवत राहतात, आणि आमच्यात उरलेले थेंबभरही सांडून टाकतात.

काकूंनी किल्लीवरचा हात काढला.

“आधी सगळं बंद,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. लाँड्रीतले मोठे मशीन सुरू होताना वीज दमली की त्या हेच करत: इस्त्र्या बंद, पंखे बंद, मग जरा दम. त्यांनी पंखा बंद केला. इंडिकेटर बंद केले. टपावरच्या पाटीतला दिवा बंद केला. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

“काय झालं?” साहेबांनी विचारले.

“जरा थांबते, साहेब.”

त्या थांबल्या. माझ्या आत कोपऱ्यात राहिलेले आम्ल हळूहळू पट्ट्यांपर्यंत पोहोचू लागले. विश्रांती मिळाली की आमच्यात थोडीशी ताकद परत येते, फार नाही, एका खेपेपुरती. काकूंनी क्लच पूर्ण दाबला आणि किल्ली फिरवली. मी होते नव्हते ते सगळे दिले. इंजिन एकदा अडखळले, आणि लागले. काकू गाडी चढावरून पुढे घेऊन गेल्या.

त्या पास झाल्या. बाईंनी बॉनेटवर थाप मारून म्हटले, “म्हातारीनं लाज राखली.” माझे कौतुक झाले आणि तरी मी बेचैन झाले, कारण ते खरे नव्हते. गाडीजवळ येऊन काकूही म्हणाल्या, “नशीब माझं, म्हणून चालू झाली.” मला ओरडून सांगावेसे वाटले की नशीब नाही, काकू. पण मला तोंड कुठे आहे?

पुढे बाई मला घेऊन या दुकानात आल्या. या वेळी त्यांनी माझ्या पेटीचे माप घेतले, प्लस कुठल्या हाताला ते दाखवले, नव्या बॅटरीवरचा बनवल्याचा महिना वाचला आणि बिघडली तर दुरुस्तीला इथेच आणता येईल ना, हे विचारले. निवडलेली बॅटरी ना लाल निघाली, ना निळी, ना हिरवी. राखाडी होती. कंपनीचे नाव बाईंच्या लक्षातही नसेल. मला बदल्यात देऊन त्या गेल्या, आणि मी या फळीवर आले.

आज सकाळी दारात एक वाहन थांबले. मला वाटले, आला टेम्पो. तर ती लाँड्रीची व्हॅन. चालवत होत्या काकू. शेजारच्या सीटवर काका होते, मांडीवर चादरींचे गाठोडे घेऊन. काकू व्हॅनच्या बॅटरीत पाणी भरून घ्यायला आल्या होत्या. दुकानदाराने लायसन्सबद्दल विचारले तेव्हा त्या पुन्हा तेच म्हणाल्या, “नशिबानं मिळालं हो.”

“नशीब कसलं?” काका म्हणाले. “मी बाकावर बसून ऐकत होतो. टक झालं. मी म्हटलं, आता ही किल्ली पिळत बसणार आणि संपलं सगळं. मग काहीच ऐकू येईना. पंखासुद्धा नाही. तेव्हा कळलं, तू थांबलीस. मी असतो तर थांबलो नसतो.”

काकूंनी पदराने उगाचच व्हॅनची काच पुसली. माझ्या मनातले कोणीतरी बोलले होते, आणि कितीतरी दिवसांनी मला जरा बरे वाटले.

व्हॅन रस्त्यावर काढताना काकूंचा पाय पुन्हा चुकला आणि ती आडवी बंद पडली. मागची मोटार कर्कश हॉर्न देऊ लागली. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि न दिसणाऱ्या त्या मोटारीला थांबायची खूण करत तसाच धरून ठेवला, काकूंची व्हॅन चालू होईपर्यंत.

मित्रांनो, बाहेर पुन्हा काहीतरी थांबले आहे. माझ्यासारख्या जुन्या बॅटरीला कचऱ्यात टाकू नका, फोडू नका. आमच्यातले शिसे आणि आम्ल माती नासवतात. तिला दुकानात परत द्या म्हणजे त्याच शिशाची नवी बॅटरी होईल. बॉनेट अधूनमधून उघडत जा. आणि तुमच्यासमोर कोणी चढावर बंद पडले, मग ते यंत्र असो की माणूस, तर मागून हॉर्न वाजवू नका. त्याला थोडा वेळ द्या. एवढ्यानेही पुष्कळ होते.