अकरा महिन्यांच्या लाटा

मी एक जुना पिवळा बोया आहे. मित्रांनो, आज मी समार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, दोरोतेओ कोळ्याच्या होडीशेजारी वाळूत पडून आहे.

कारखान्यात माझ्या पोटात एक यंत्र बसवलं होतं. लाट मला किती उंच नेते, पुढची किती वेळानं येते, हे ते टिपून ठेवी. या लाटांवर वीज होईल का, ते त्यावरून ठरणार होतं. रोसेन्दा नावाच्या इंजिनियर बाईनं मला खोल पाण्यात साखळीनं बांधलं. वर्षभर मोजायचं होतं.

दोरोतेओला मी डोळ्यांसमोर नको असे. तरी होडी मात्र तो मलाच बांधी, आणि माझं मोजमाप बिघडे.

"मानोय, पुन्हा होडी बांधलीत ना? कालच्या लाटा सगळ्या लंगड्या आल्यात!" एकदा रोसेन्दा चिडली. थोरल्या माणसाला इथं 'मानोय' म्हणतात.

"लाटा मोजून त्यांचं काय लोणचं घालणार आहेस, पोरी?"

"वीज झाली तर बर्फ इथंच करता येईल. मासा वाटेत नासणार नाही."

दोरोतेओचा निम्मा मासा बाजारात पोहोचण्याआधीच वास मारू लागे. त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या होड्या तोच माझ्यापासून हाकलू लागला.

अकराव्या महिन्यात वादळ आलं. साखळी तुटली. तीन दिवस मी कुठं वाहत होतो, कोण जाणे! चौथ्या दिवशी दोरोतेओनं मला शोधून ओढत आणलं. पोटातल्या नोंदी शाबूत होत्या.

रोसेन्दानं त्या सगळ्या एकत्र वाचल्या. थंडीच्या दिवसांत लाटा दांडग्या. एप्रिलनंतर मात्र समुद्र चार महिने पेंगत होता.

"थोडं वाढवून लिही की," दोरोतेओ हळूच म्हणाला.

"लिहिते. वीज करायचं यंत्र उभं राहील. मग जूनमध्ये बर्फ मागायला आलात, तर कुठून देऊ?"

तिनं खरं तेच लिहिलं. एका वर्षात समुद्र कळत नाही, अजून चार वर्षं मोजू द्या, असंही लिहिलं. मग तिची बदली झाली. वरून उत्तर आलं नाही. दोरोतेओ अजून तिला फोन करतो, "साखळी कधी पाठवतेस?"

मित्रांनो, मोजायला घेतलेलं अर्ध्यावर टाकू नका. मला नवा रंग नको, कौतुक नको. भरतीची लाट माझ्यापासून दोन हातांवर येते आणि परत फिरते. ती किती उंच होती, ते मला सांगता येत नाही.