रागाचे पथ्य

हरिचंद्राने फेकलेला तांब्या जनीच्या कपाळावर आदळला आणि खणखणत उंबऱ्यापर्यंत गेला. तिने पदराने रक्त दाबले, तांब्या उचलला आणि घोंगडीने झाकलेल्या खिडकीची फट पुन्हा बुजवली.

"बिडी दे म्हनतो ना! बहिरी झालीस?"

"डाक्तरानं नको सांगितलंय."

"डाक्तर तुझा बाप काय गो?"

गेल्या आठवड्यात शेताच्या बांधावरून भांडण पेटले, तेव्हा हरिचंद्र धाकट्या भावावर, अनंतावर, कोयता घेऊन धावला होता. वार पडण्याआधीच डोके धरून किंचाळला, ओकला आणि चिखलात कोसळला. निर्वासितांच्या वसाहतीतून, कॅम्प चारातून, आणलेल्या सिंधी डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बत्ती मारून पाहिले, दंडाला पट्टा आवळला आणि जनीला ओसरीवर बोलावले.

"बाई, अंदर की नस फटी है. खून का दबाव बहुत, ऊपर से बीडी. दुबारा फटी तो खेल खतम. अंधेरे में सुलाके रखो. उठना नहीं, जोर लगाना नहीं. और गुस्सा तो बिलकुल नहीं."

"रागच नको?" जनीने विचारले होते. उल्हास नदीला कुणी वाहू नकोस म्हणावे, तसे तिला वाटले.

तेव्हापासून त्याचा राग ती आपल्याच अंगावर विझवीत आली होती. अनंता रोज भावाला भेटायला येई. "झोपलेत," म्हणून ती त्याला उंबऱ्यावरूनच परतवी. सासू मोतीबाई मागून करवादे, "रक्ताच्या मानसाला दारातून धाडतेस? गाव थुंकेल गो तुझ्यावर!"

आता हरिचंद्राच्या हातांत पुन्हा बळ येऊ लागले होते. खुंटीवरच्या बैलाच्या पराणीकडे पाहत तो पुटपुटला,

"उठू दे मला. त्या अनंताचा मुडदा पाडीन. त्याच्या आधी तुझा."

वाकडे जुळलेले आपले मनगट जनीने दुसऱ्या हाताने धरले.

ओसरीवर पावले वाजली. नारळ घेऊन अनंता खाली मान घालून उभा होता.

"वैनी, आज तरी? लांबूनच बघतो."

तिच्या भुवईवरून रक्ताचा थेंब ओघळून उंबऱ्यावर पडला. तिने तो पायाने पुसला. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ती दारातून बाजूला झाली.

"या भावोजी," ती म्हणाली. "जागेच आहेत."